हापशी कवितेत बसत नाही

गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात अकरा जणांनी आईवरच्या कविता वाचल्या. मी मोजल्या, कारण मागच्या रांगेत बसून मला दुसरं काम नव्हतं. अकरा कवितांतली एकही आई जेवली नाही. सगळ्यांनी लेकराला शेवटचा घास भरवला आणि स्वतः पाणी पिऊन निजल्या. प्रत्येकीच्या डोळ्यांत चुलीचा धूर, हातांना राख, अंगावर ठिगळाचं लुगडं. एकीनंही मुलाच्या पाठीत धपाटा घातला नाही. एकही जाड नव्हती, एकही घोरत नव्हती. कविता वाचून खाली आलेल्या मंडळींनी मग गरम समोसे खाल्ले, आणि हयात असलेल्या दोघी-तिघी खऱ्या आयांनी पण खाल्ले, दोन-दोन.

वडील त्या कवितांत एखाद्या ओळीपुरते येतात, खांद्यावर बसवून जत्रा दाखवतात आणि जातात. बहीण तेवढीही येत नाही. तिची पाळी राखीला आणि भाऊबीजेला. ती ओवाळते, तिचे डोळे भरतात, कविता संपते.

हे मला कळतं कारण आमच्या घरातच एक कवी आहे. माझा धाकटा भाऊ. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, चार वर्षांपूर्वी बदली होऊन जयपूरला आला. प्रताप नगरात तिसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. भाऊ, भावजय, कॉलेजला जाणारी भाची, ऐंशी ओलांडलेली आई आणि मी. नवरा गेल्यापासून मी आईसोबत राहते. आई जिथं जाईल तिथं मी, तिच्या औषधांच्या डब्यासारखी.

बाकीच्या कवींची सोय अशी की त्यांची आई बहुधा वारलेली असते. तिच्याबद्दल काहीही लिहिता येतं. आमच्या कवीची अडचण ही की त्याची आई जिवंत आहे, आणि कानात मशीन घातलं की तिला ऐकूही येतं. म्हणून भावानं वही उघडली की आई मशीन काढून ठेवते. सेल वाचवते म्हणते.

भाऊ घरात तिला आई म्हणतो. कवितेत माय म्हणतो. वऱ्हाडात आमच्याकडे सगळेच माय म्हणायचे, पण बँकेत लागल्यावर यानंच ते सोडलं आणि आम्हालाही सोडायला लावलं. आता ते फक्त माईकसमोर निघतं, ठेवणीतल्या शालूसारखं.

त्याची लिहायची पद्धत मला पाठ आहे. रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन तो गॅलरीत येतो. मी तिथं भाजी निवडत असते.

"ताई, जरा आठव ना. लहानपणचं काहीतरी दे."

द्यावं लागतं, कारण त्याला स्वतःला काही आठवत नाही. मी त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई-वडील दोघंही सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कामाला, कापसाच्या हंगामात दिवसभर तिकडेच. हा माझ्या कडेवर वाढला. त्याला जे बालपण आठवायला हवं ते तेव्हा मी करत होते, आणि तो झोपला होता.

एकदा मी त्याला पाण्याचं सांगितलं. शाळेजवळ हापशी होती. सकाळी चार खेपा मी करायची, डोक्यावर हांडा आणि कडेवर हा. हापशीचा दांडा एवढा जड की मी त्यावर लटकायची तेव्हा पाणी यायचं. भावानं ते ऐकलं, डोळे मिटले, आठ दिवसांनी कविता आली. तिच्यात माय दोन कोसांवरच्या विहिरीवरून पाणी आणत होती.

मी म्हटलं, "अरे, हापशी होती. दोनशे पावलांवर."

"ताई, हापशी कवितेत बसत नाही."

हापशी बसत नाही, दोनशे पावलं बसत नाहीत, आणि मीही बसत नाही. पाणी तेवढं बसलं.

नंतर त्यानं माझ्या मनगटावरचा तव्याचा डाग नेला. तो कवितेत आईच्या हाताला लागला. त्या कवितेला बक्षीस मिळालं, आणि कार्यक्रमानंतर एका बाईंनी आईचे दोन्ही हात हातात घेऊन उलटसुलट पाहिले. त्यांना डाग हवा होता. आईला वाटलं बांगड्या बघताहेत.

"सोन्याच्याच हायेत," आई म्हणाली. "पोरानं केल्या."

बाईंनी आईचे हात हळूच सोडले. मी माझा हात पदराखाली घेतला.

आईबद्दल मला तक्रार नाही असं कवितेत लिहितात. मी कवी नाही, मला आहे. पण आई खोटारडी कधीच नव्हती. "काम करनाऱ्या बाईनं आधी जेवावं" हा तिचा नियम होता, आणि ती जेवायची. माय अर्ध्या भाकरीवर निजते अशी भावाची एक कविता मी तिला ओरडून वाचून दाखवली तेव्हा ती चिडली होती.

"अर्धी? मले दोन लागत. अन् वरून ठेचा. कोनाची माय लिहून राहिला हा?"

आजही सकाळी कांद्याची कचोरी आली नाही तर तिचा दिवस वाईट जातो.

भावाला मी पुष्कळ दिलं, पण एक गोष्ट कधी दिली नव्हती. ती अशी.

मी चौथीत पहिली आले. गावात शाळा चौथीपर्यंतच, पाचवीला शेजारच्या गावी जावं लागे. निकालाच्या दिवशी दुपारी गुरुजी स्वतः घरी आले. खांद्याला कापडी थैली, तिच्यात सगळ्या वर्गाचे निकाल. आई जिनिंगला परत जायच्या घाईत होती. गुरुजी बाजेवर बसले, थैली बाजूला ठेवली आणि म्हणाले, पोरगी हुशार आहे, पाचवीला घाला, माझी मुलगीही जाणार आहे, दोघींना मीच सोडत जाईन.

मी दाराआड उभी होते. मला वाटलं होतं आई हो म्हणेल. वाटलं होतं म्हणजे इतकं की मी पाचवी झालेल्या एका मुलीकडून पाचवीचं पुस्तक आधीच आणून ठेवलं होतं. त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं होतं आणि वर माझं नाव, खाली "इयत्ता पाचवी" असं वळणदार अक्षरात लिहिलं होतं.

आई म्हणाली, "नाई जमत गुरुजी. हे पोट्टं कोन पाहीन?"

पोट्टं म्हणजे आजचे कवी. वय वर्षं सव्वा. तो त्या वेळी बाजेवर गुरुजींच्या थैलीला टेकून बसला होता, आणि आईचं वाक्य संपायच्या आत त्यानं थैलीत मुतलं. सगळ्या वर्गाचे निकाल भिजले. गुरुजींनी थैली उचलली, खालून धार लागली. मग ते हसायला लागले, आई हसायला लागली, आणि बोलणं तिथंच संपलं. थैली मी धुतली. पुस्तक दुसऱ्या दिवशी परत केलं. कव्हर काढून ठेवून घेतलं.

बस, एवढंच. हे मी भावाला दिलं असतं तर ते माझं राहिलं नसतं, म्हणून दिलं नाही.

यंदा मंडळानं मायलेकांचा सत्कार ठरवला. कवी मुलगा नवी कविता वाचणार, आई शेजारी खुर्चीवर बसणार, मग शाल आणि नारळ. भाऊ महिनाभर माझ्यामागे होता. "ताई, काहीतरी दे. जरा आतलं दे." मी त्याला गोवऱ्या दिल्या, सरपण दिलं, गोधडी दिली. "हे सगळ्यांकडे असतं गं," तो म्हणायचा.

एका रात्री जेवताना आईच्या कानात चुकून मशीन राहिलं होतं. ती म्हणाली, "थे गुरुजी आलते ना घरी, थे सांग ना वं त्याले."

"कोणते गुरुजी?" भावाचा घास हातात राहिला.

"भाजी लागते आहे," म्हणून मी उठून स्वयंपाकघरात गेले. गॅस बंद होता. तिथं उभी राहून मी ओटा पुसला, पुन्हा पुसला. परत आले तोवर आईनं निम्मं सांगून टाकलं होतं, आणि भावानं त्यातलंही निम्मंच ऐकलं होतं. त्याचा चेहरा असा दिसत होता की मला कळलं, गेलं.

पुढच्या रविवारी त्यानं आम्हा सगळ्यांना बसवून कविता वाचली. कवितेत हुशार, पहिली आलेली, पुस्तकाला कवटाळणारी माय होती. लेकरासाठी तिनं शाळा सोडली आणि चुलीच्या राखेत बोटानं अक्षरं गिरवत राहिली. "माय, तुझ्या शाळेच्या वाटेवर मी काटा होऊन उगवलो," असा शेवट होता. वाचता वाचता त्याचा आवाज भरून आला. भावजयीनं डोळ्यांना रुमाल लावला. भाची मात्र हिशेबात अडकली.

"पापा, एक मिनिट. आजी फोर्थमध्ये होती, आणि तू पैदा झाला होतास? मतलब, चौथीत शादी?"

"कवितेत वय नसतं," भाऊ म्हणाला.

"पण आजी तर शाळेत गेलीच नाही ना? ती तर नाव पण नाही लिहू शकत."

"कवितेत असं बघत नाहीत, बेटा."

मी उठले. नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथून परत आले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"ही नको वाचूस."

"का गं? चांगली नाही झाली?"

"हे माझं आहे."

त्यानं माझ्याकडे फार प्रेमानं पाहिलं. तो वाईट नाही. बँकेत लोक कर्ज मागायला येतात तेव्हा नाही म्हणताना तो असाच पाहत असणार.

"ताई, सगळं तुझंच तर आहे. पण कार्यक्रम मायलेकांचा आहे ना. तिथं बहीण आणली तर लोकांचा गोंधळ होतो. तुझ्यावर लिहीन ना मी. राखीला."

मग मी आईला गाठलं. ती टीव्हीसमोर होती. मी तिच्या कानाशी म्हटलं, "तू सांग त्याला. शाळा तुझी नव्हती म्हणून सांग."

आईनं पडद्यावरून नजर न काढता विचारलं, "तो वाचते, लोक टाळ्या वाजवते, मले शाल भेटते. तुले काय तरास?"

"मला त्रास आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मशीन काढून डबीत ठेवलं.

कार्यक्रम दुर्गापुऱ्यातल्या एका हॉलमध्ये होता, रविवारी सकाळी दहाला. निघताना साडीवरून वाद झाला. भावजयीनं आईसाठी फिकट सुती साडी काढली होती. "आई, जरीचं नको. कवितेला शोभणार नाही." आईनं मोरपंखी जरीची नेसली, चारही बांगड्या घातल्या आणि वर विचारलं, "कविता मले पायते का मी कवितेले?" भावजयीनं सुती साडी परत कपाटात ठेवली.

हॉलमध्ये मी मागच्या रांगेत बसले, भाची माझ्याशेजारी. स्टेजवर आई खुर्चीत नीट मावत नव्हती. भाऊ झब्बा घालून माईकसमोर उभा राहिला आणि त्यानं आधी पाण्याची कविता वाचली, मग शाळेची. पुढच्या रांगेतल्या बायका मोरपंखी जरीकडे बघत होत्या आणि ठिगळांसाठी रडत होत्या. माझ्या गुरुजींचं वाक्य आलं, तेव्हा मी कार्यक्रमपत्रिकेवरची छपाई वाचत होते. माझं पुस्तक आलं, तेव्हाही वाचत होते. काट्याची ओळ आली आणि टाळ्या थांबेचनात.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाई आईजवळ माईक घेऊन गेल्या. "आई, आज काय वाटतं? दोन शब्द."

तेव्हा मला दिसलं की आईच्या कानात मशीन होतं. सगळं ऐकलं होतं तिनं.

"पानी मी नाई भरलं," आई म्हणाली. कमी ऐकणाऱ्या माणसांसारखी ती मोठ्यानं बोलते, माईक नसता तरी चाललं असतं. "पानी पोरीनं भरलं. थे मागं बसली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंचा आवाज दाटला. "बघा! आजही श्रेय स्वतःकडे नाही घेतलं. यालाच म्हणतात आई!"

आईला वाटलं यांना नीट ऐकू गेलं नाही. तिनं आवाज वाढवला. "अन् विहीर नव्हती वं बाई. हापशी होती!"

लोक हसले, पुन्हा टाळ्या.

"शाळेत मी एक दिवस गेली नाई. हे गेली. पयला नंबर आला तिचा. गुरुजी घरी आलते, तं हा पोट्टा त्याईच्या थैलीत मुतला!"

हॉल कोसळला. लोक खुर्च्या बडवून हसत होते. भाची माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. भाऊ लाल होऊन हसत होता, हात जोडत होता, मंडळाचे अध्यक्ष त्याच्या पाठीवर थापा मारत होते. आई हसत नव्हती. तिनं हसू ओसरायची वाट पाहिली.

"तिची शाळा मी बंद केली," ती म्हणाली. "गुरुजी नेतो म्हनत होते. मीच नाई म्हटलं. मले आराम होता ना. पोरगी घरी असली का घरचं सारं होते."

कुणी टाळी वाजवली नाही. वाजवावी असं काही नव्हतंच त्यात. माझ्या पुढच्या रांगेतल्या दोन बाया मागं वळून माझ्याकडे बघायला लागल्या, आणि मी बघितलं तशा पुन्हा पुढे बघायला लागल्या. बाईंनी माईक हळूच आईच्या तोंडापासून दूर नेला. "वेळेचं भान ठेवून आपण पुढच्या कार्यक्रमाकडे वळू या," त्या म्हणाल्या. आईच्या मांडीवर नारळ ठेवला गेला, अंगावर शाल आली, आणि लहान मुलांचा नाच सुरू झाला.

मला रडू आलं नाही. कविता असती तर आलं असतं.

भाचीनं हसणं थांबवलं होतं. तिनं विचारलं, "आत्या, सच में?"

"हो," मी म्हटलं.

घरी येताना प्रताप नगरच्या कोपऱ्यावर भावानं गाडी थांबवली, कारण आईनं फर्मान काढलं होतं. भावजय आणि भाची कचोऱ्या आणायला उतरल्या. आई मागं माझ्याजवळ बसली होती, शाल घडी करून मांडीवर, नारळ पायाशी. भाऊ मागं वळला. चेहरा अगदी खरा होता. लहानपणी ताप आला की तो असा बघायचा.

"ताई," तो म्हणाला, "त्या दिवशी तुला काय वाटलं होतं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आईनं नाही, नवऱ्यानं नाही. माझ्या तोंडाशी कव्हर आलं होतं. खाकी कागद, त्यावर माझं नाव, खाली इयत्ता पाचवी. ते अजून माझ्या ट्रंकेत आहे, घडीवर चिरलं आहे, ते मी त्याला सांगणारच होते.

तेवढ्यात मला त्याचा दुसरा हात दिसला. हातात मोबाईल उघडा होता, आणि अंगठा वर तयार.

"काही नाही वाटलं," मी म्हटलं. "थैली धुतली."

"एवढंच?"

"एवढंच. मुताचा वास होता, दोनदा धुतली."

त्याचा अंगठा तसाच राहिला. हे कुठं बसत नव्हतं. मला फार बरं वाटलं.

आणि मग आई, जिला कुणी काही विचारलं नव्हतं, खिडकीतून कचोरीच्या कढईकडे बघत म्हणाली, "साबन कुठं होता घरी? राखेनं धुतली पोरीनं."

"राखेनं?" भाऊ सरळ झाला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. अंगठा भराभर चालायला लागला.

आईनं माझ्याकडे डोकं वळवलं आणि कान पुढे केला.

"माहं मशीन काढ वं," ती म्हणाली. "हा आता लिहीन."